शुक्रवारी केलेला ईस्टर

मुलांची पार्टी करायची म्हणजे सगळ्यात आधी मुलं लागतात. ही गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. फुगे मिळतात, पताका मिळतात, बेकरीवाला सांगाल त्या आकाराचा केक करून देतो. मुलं मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, आणि आमच्या भिलाईच्या सेक्टर दहामध्ये तर आता अजिबातच मिळत नाहीत.

मी इथल्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला होतो, रेल्वेचे रूळ तयार होतात त्या मिलमध्ये. मिल बंद ठेवून मोठी दुरुस्ती करायची असली की त्याला शटडाऊन म्हणतात. त्या शटडाऊनचं प्लॅनिंग माझ्याकडे असायचं. कोणतं बेअरिंग आधी उतरवायचं, क्रेन कधी मोकळी मिळेल, कोण कुठे उभा राहील, हे सगळं आधी ठरायचं आणि मगच मिल थांबायची. माझ्या हातात काम दिलं की साहेब लोक निर्धास्त चहा प्यायला जायचे. ही बढाई नाही. पुढे माझी जी फजिती झाली ती नीट समजावी म्हणून सांगतो आहे.

आमची एकुलती एक मुलगी बंगळूरला नोकरीला गेली आणि तिथंच तिनं केरळच्या एका ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं. आम्ही बौद्ध. माझे वडील भंडाऱ्याकडच्या खेड्यातून इथं प्लांटच्या कामावर आले ते इथलेच झाले. जात-धर्म विचारून नाक मुरडायची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती, त्यामुळे लग्न सुरळीत पार पडलं. जावई चांगला आहे. फार हळू बोलतो, एवढीच माझी त्याच्याबद्दल तक्रार. मिलच्या आवाजात अर्धे कान गेलेल्या माणसाला हळू बोलणारा जावई म्हणजे शिक्षाच आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलगी गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं, आणि आम्ही बंगळूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, मला लिहिता येत नाही. मागे नात राहिली. आता ती सात वर्षांची आहे.

यंदा मार्चमध्ये जावयाचा फोन आला. त्याला कॅनडात नोकरी लागली होती. जूनमध्ये तो आणि नात दोघं तिकडे जाणार होते. "उससे पहले ईस्टर आप लोगों के साथ करेंगे, पापा," तो म्हणाला, "शुक्रवार सुबह पहुँचेंगे, सोमवार को वापस."

"फिर इधर आना कब होगा?" मी विचारलं.

"देखते हैं, पापा."

देखते हैं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. मिलमध्ये ज्या कामाचं सामान कधीच येणार नसायचं, त्या कामाबद्दल आम्ही साहेबांना हेच सांगायचो.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली. नातीला ह्या घरी परत यावंसं वाटलं पाहिजे. बाप आणेल न आणेल, तिनं स्वतः हट्ट धरला पाहिजे की मला भिलाईला जायचंय. पण सात वर्षांच्या पोरीनं कशासाठी हट्ट धरावा? दोन म्हातारी माणसं, त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं आणि भिंतीवरचा आईचा फोटो, एवढंच तर होतं आमच्याकडे.

मग मला ईस्टरचे व्हिडिओ कॉल आठवले. मुलगी होती तोपर्यंत दर ईस्टरला तिच्या इमारतीतल्या मुलांसाठी पार्टी करायची. अंडी उकडून रंगवायची आणि घरभर लपवायची. मुलं टोपल्या घेऊन धावत सुटायची. कधी बुटात अंडं सापडायचं, कधी वॉशिंग मशीनमध्ये. मुलगी फोन हातात धरून हसत असायची, त्यामुळे चित्र सारखं हलायचं आणि मी ओरडायचो, "अवं, फोन सरळ धर!" आता वाटतं, कशाला ओरडलो.

मी ठरवलं, तशीच पार्टी करायची. जावयाला सांगायचं नाही. टॅक्सीतून उतरल्याबरोबर पोरीनं बघितलं पाहिजे.

बायकोनं कपाळाला हात लावला. "आपल्याले त्यातलं काय समजते? पोरीले जवळ घेऊन बसा, चार गोष्टी सांगा. एवढा पसारा कायले करून राहिले?"

"प्लॅनिंगनं केलं की सगळं होतं," मी म्हणालो.

"हे तुमची मिल नोहोय," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आता दिवस कसा ठरला ते सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. आमच्या भिंतीवर प्लांटचं कॅलेंडर असतं. रिटायर झालो तरी दरवर्षी कोणाकडून तरी मागून आणतो, त्याशिवाय मला वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. शिफ्टमध्ये जन्म काढलेल्या माणसाच्या घरी रविवार नसतो. माझी साप्ताहिक सुट्टी वर्षानुवर्षं मंगळवारी होती. मुलीच्या शाळेला सुट्टी असायची तेव्हा मी ड्यूटीवर, आणि मी घरी असायचो तेव्हा ती शाळेत. त्यामुळे सण कधी, तर कॅलेंडरवर ज्या दिवशी सुट्टी छापली आहे त्या दिवशी, एवढंच आम्हाला ठाऊक. एप्रिल उघडला. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी छापलेली होती. पाव्हणेही शुक्रवारीच येणार होते. बायकोला दाखवलं, तीही म्हणाली, "हौ, त्याइचा सन हाच." रविवारच्या चौकोनात काहीच छापलेलं नव्हतं. रविवारची वेगळी सुट्टी प्लांट कशाला छापेल?

दिवस ठरला, मग मी मुलं शोधायला निघालो.

एके काळी आमच्या ब्लॉकसमोर इतकी पोरं खेळायची की सेकंड शिफ्टला निघताना मला सायकल हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जावं लागायचं. आता निम्म्या क्वार्टरांना कुलूप आहे. उरलेल्यांत आमच्यासारखे, लीजवर घर घेऊन राहिलेले म्हातारे. समोरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बच्चे तो अब फोन में रहते हैं, भाईसाहब," आणि त्यांनी मला फोनमधला त्यांचा नातू दाखवला. नातवानं मला आपला पडलेला दात दाखवला. पुढच्या गल्लीत एक पंधरा वर्षांचा मुलगा सापडला, पण तो कोचिंगला जातो. पार्टीचं नाव काढल्यावर त्याच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्याला बिडी ओढायला बोलावत होतो. दोन दिवस उन्हात वणवण केली आणि हाती काही लागलं नाही. उभ्या सेक्टरचा मला राग आला. इतकी घरं, इतकी आंब्याची झाडं, आणि खाली पडलेल्या कैऱ्या उचलायला एक पोर नाही!

शेवटी चरोद्याला बहिणीकडे गेलो. तिचा नवरा रेल्वेत होता, मालगाड्या जोडतात त्या यार्डात. तो रिटायर झाल्यावरही ती रेल्वे कॉलनीच्या बाजूलाच घर करून राहिली. तिथं अजून पोरांची कमी नाही. मी गेलो तेव्हा विहारासमोर चौदा एप्रिलच्या जयंतीच्या नाचाची तालीम चालली होती आणि बहीण काठी घेऊन सगळ्यांना रांगेत उभं करत होती.

"घेऊन जाय ना दादा," ती म्हणाली. "शुक्रवारी शाळेले सुट्टीच हाय. खाऊ भेटते म्हटलं का हे पोट्टे कुठंबी येतात. पन रविवारी मांगू नको हां. रविवारी आमची मोठी प्रॅक्टिस हाय, एक बी पोट्टं भेटनार नाई."

"मले रविवारचं काय करायचं हाय?" मी म्हणालो.

हे वाक्य मला अजूनही कधीकधी ऐकू येतं.

शाळेची एक व्हॅन भाड्यानं ठरली. मग अंडी. बायकोनं बीट किसून, हळद घालून, कांद्याच्या सालीच्या पाण्यात उकळून लाल, पिवळी आणि तांबूस अंडी केली. नको नको म्हणत होती, पण करायला बसली तेव्हा एकेका अंड्याला तेलाचा हात लावून चकाकी आणली. परसात कुठं काय लपवायचं हे बघायला मी बुधवारी एक अंडं पेरूच्या झाडाखाली ठेवून पाहिलं. थोड्या वेळानं गेलो तर अंडं गायब. जाईच्या वेलाखाली मुंगूस बसून निवांत मिशा पुसत होतं. मी दगड उचलला तर बायको खिडकीतून म्हणाली, "त्याले आधी प्लॅन सांगतला असता तं आलं नसतं."

शुक्रवारी सकाळी सगळं जागेवर होतं. मेंदीच्या कुंपणाला पताका, दारावर फुगे, पडवीत उधारीचा स्पीकर, परसात अंडी, आणि अंड्यांवर लक्ष ठेवायला काठी घेऊन समोरच्या बाई. चरोद्याची मुलं व्हॅनमधून उतरली, तेव्हा ह्या गल्लीत किती तरी वर्षांनी आरडाओरडा झाला. कुलूप नसलेल्या घरांतले म्हातारे दारात येऊन उभे राहिले. मी मुलांना कुंपणामागे बसवलं आणि सांगितलं, टॅक्सी थांबली की सगळ्यांनी एकदम ओरडायचं. मला वाटलं, जमलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की माझी पोर हे कुठून तरी बघत असेल. आमच्या धर्मात असलं काही बसत नाही, पण वाटलं.

टॅक्सी थांबली. मुलं उठली आणि जीव खाऊन ओरडली, "हैप्पी ईस्टर!" मी स्पीकर मोठा केला.

जावई उतरला तो तिथंच थांबला. पांढरा शर्ट, उतरलेला चेहरा, हातात बॅग. नात त्याच्या मागून बाहेर आली. तिनं फुग्यांकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, आणि बापाचं बोट घट्ट धरलं. जावई माझ्याजवळ येऊन काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही.

"काय?" मी ओरडलो.

त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "आज उपवास रहता है, पापा. कोई बात नहीं."

"उपवास? सणाला उपवास?"

मग नात बोलली. ती बापासारखी हळू बोलत नाही. "आबा, ईस्टर आज नहीं है. आज तो वो मर गए हैं. संडे को उठेंगे."

मिलमध्ये काही चुकलं तर थांबवायचं बटण असतं. लाल, मोठं, कोणालाही दिसेल असं. मी तिथं उभा राहून आजूबाजूला बघत होतो आणि मला स्पीकरचंही बटण सापडेना. गाणं वाजतच होतं. लहान मुलं नाचायला लागली होती. आत भिंतीवर माझ्या मुलीचा फोटो, बाहेर तिच्या नवऱ्याच्या घरचा सुतकाचा दिवस, आणि मी मधोमध डोक्यावर कागदाची टोपी घालून. बायकोकडे बघितलं तर तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"मम्मा फ्राइडे को म्यूजिक नहीं लगाती थी," नात म्हणाली.

चरोद्याच्या मुलांमध्ये एक मोठी मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, नाचात पुढे असते ती. तिनं जावयाकडे बघितलं, मग नातीकडे, आणि मला म्हणाली, "बाबा, गानं बंद करा ना. आज त्याइचा सहा डिसेंबर हाय."

सहा डिसेंबर हा आमच्या घरांमधला दुःखाचा दिवस. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालतो, मेणबत्त्या लावतो आणि गप्प उभे राहतो. हे आमच्या पोरांना बोलता यायच्या आधीपासून कळतं. त्या मुलीनं एवढं म्हटलं आणि बाकीची मुलं आपोआप शांत झाली. कोणी तरी स्पीकरची वायरच उपटली. "मेनबत्ती हाय का?" तिनं विचारलं. केकसाठी आणलेल्या इवल्याइवल्या रंगीत मेणबत्त्या तेवढ्या होत्या. त्याच तिनं पडवीच्या कठड्यावर ओळीनं चिकटवल्या. एप्रिलचं गरम वारं, त्या कुठल्या टिकतात! एक लावली की दुसरी विझायची. तरी मुलं लावत राहिली. मग विहारात उभी राहतात तशी रांगेत उभी राहिली आणि सवयीनं हात जोडून वंदना म्हणायला लागली. जावयाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्यानं बॅग खाली ठेवली, डोळे मिटले आणि तोही उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

मला त्या पोरांचं फार कौतुक वाटलं, आणि तेवढीच स्वतःची लाज वाटली. पण नातीला त्याचं काय? तिनं बापाचं बोट सोडलं, आत गेली, आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली. मुलं परसात बसून जेवली, अंडी खिशात भरून घेतली आणि व्हॅन त्यांना घेऊन गेली. नात तरी भिंतीकडे तोंड करूनच होती. ज्या घराची ओढ लागावी म्हणून एवढा आटापिटा केला, त्या घरानं तिला पहिल्याच दिवशी रडवलं होतं. मी फुगे काढायला स्टुलावर चढलो आणि एकेक फुगा टाचणीनं न फोडता, गाठ सोडून, आवाज न करता रिकामा केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी सकाळीच चरोद्याला गेलो. रविवारी मुलं फक्त घटकाभर दे म्हटलं. बहिणीला वाईट वाटलं, पण ती तरी काय करणार? "स्टेज बांधून झाला, दादा. बाहेरून मास्तर येऊन राहिला शिकवायले. आता कोनाकोनाले थांबवू?" मला तिचा राग आला आणि राग येण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं, म्हणून जास्तच आला. परत आलो. बायकोनं दारातच माझं तोंड बघितलं आणि पाण्याचा गडवा हातात दिला.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर नात परसाच्या पायरीवर येऊन बसली. मीही शेजारी बसलो. तिला मराठी थोडं समजतं, बोलता येत नाही, आणि माझं हिंदी शिव्या सोडल्या तर मिलमधलं. शेवटी मी मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला कूलर दाखवला. त्याला तीन बाजूंनी गवताच्या ताट्या असतात, त्यांवर पाणी झिरपतं आणि आत गार हवा येते. "तेरी मम्मा," मी सांगितलं, "थंडी में जब कूलर बंद रहता था, तो वो ताटी सरकाके अंदर इमली छुपाती थी. आजी को लगता था घर में चूहा है. आजी रोज चूहे को गाली देती थी और मम्मा अंदर बैठके इमली खाती थी."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. "अभी भी बंद है?" तिनं विचारलं.

"हां. अभी चालू नहीं किया. ताटी बदलनी है."

तिनं कूलरकडे नीट बघून घेतलं. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

रविवारी पहाटे बायकोनं परत अंडी उकडली. बीट संपलं होतं, म्हणून सगळी पिवळीच झाली. जावई नातीला घेऊन सकाळी चर्चमध्ये जाऊन आला. मग आम्ही तिच्या हातात टोपली दिली. एक मुलगी आणि तेवढं मोठं परस. तिनं भराभर सगळी अंडी शोधली. ओरडणारं कोणी नाही, धक्का देणारं कोणी नाही, आधी कोणाला सापडलं म्हणून भांडणारं कोणी नाही. टोपली भरली तेव्हा ती मधोमध उभी राहून आमच्याकडे बघायला लागली. एवढ्या वर्षांत कितीतरी कामं माझ्यासमोर फसली असतील, पण इतकं व्यवस्थित पार पडून इतकं फसलेलं काम मी पाहिलं नव्हतं.

"अब मैं छुपाती हूँ," ती एकदम म्हणाली. "आप लोग ढूँढो. आँखें बंद!"

आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बायको कुरकुरत होती, "हे काय वय हाय का आमचं," पण डोळे तिनंच सगळ्यात घट्ट मिटले होते. मग शोधाशोध झाली. जावयाला नळाच्या मागे सापडलं, बायकोला वाळत घातलेल्या माझ्या पँटच्या खिशात. मी कंबर वाकवून कुंडीत हात घातला तर नात खिदळत म्हणाली, "आबा, इतना आसान नहीं!" सगळी गोळा झाल्यावर मोजली तर एक कमी.

"एक कहाँ है?" जावयानं विचारलं.

"वो वाला मैं अगली बार आऊँगी तब ढूँढूँगी," ती म्हणाली. "कोई मत ढूँढना."

"बेटा, वो खराब हो जाएगा."

"मत ढूँढना बोला ना!"

जावयानं माझ्याकडे बघितलं. अगली बार कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं मान खाली घातली, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्याचं ते देखते हैं काही फसवायला नव्हतं. त्याच्याही हातात काही नव्हतं.

सोमवारी टॅक्सीत बसताना तिनं काच खाली करून माझ्याकडून वचन घेतलं. ढूँढना मत. मी हो म्हणालो. मशीनमध्ये बारीकसा आवाज आला तरी तो कुठून येतो हे शोधल्याशिवाय ज्याला घास गिळवत नसे, त्या माणसाला हे वचन पाळायचं होतं. माळी परस साफ करायला आला तर मी त्याला दारातूनच परत पाठवला. बायको म्हणाली, "मुंगूस केव्हाच घेऊन गेलं असन." मी म्हणालो, "असेल." त्यानं नेलं असेल तर बरं, असंही वाटायचं. आणि नेलं नसावं, असंही वाटायचं.

मग इथला उन्हाळा खरा सुरू झाला. भिंती रात्रीसुद्धा हाताला चटका द्यायच्या. मी नव्या ताट्या आणल्या आणि एका दुपारी मागच्या खोलीचा कूलर चालतो का ते बघायला नुसताच पंखा लावला. पहिल्या झोतालाच सडक्या अंड्याचा वास खोलीभर भरला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला मग ती इमली आठवली, पायरीवरचं तिचं हसणं आठवलं. तिनं ते तिच्या आईच्या जागी ठेवलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलो.

"राहू द्या," बायको म्हणाली.

"अवं, पण वास..."

"पोरीनं सांगतलं ना, शोधू नका म्हून." तिनं स्वतः उठून बटण बंद केलं, खिडकी लावून घेतली आणि फटीत जुनं लुगडं कोंबलं. नव्या ताट्या पलंगाखाली गेल्या. आम्ही त्याच खोलीत झोपत होतो, कारण हॉलमध्ये पलंग नाही आणि खाली फरशी माझ्या पाठीला सोसत नाही. नुसत्या छताच्या पंख्याखाली, ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपायचो, आणि चादरी वाळल्या की परत ओल्या करायचो.

कॅनडाला निघण्याच्या आदल्या दिवशी नातीचा व्हिडिओ कॉल आला. मागे बॅगा बांधून ठेवलेल्या दिसत होत्या. तिनं आधी तेच विचारलं. "आबा, ढूँढा तो नहीं?"

"नहीं."

"आजी ने भी नहीं?"

"नाई वं बाई," बायको माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "कुठं ठेवलं तं आमाले भेटतच नाई."

नातीला ते पटलं. मग ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि आमच्या तोंडांकडे निरखून बघायला लागली. "आप दोनों को इतना पसीना क्यों आ रहा है?"

बायकोनं पदरानं आधी माझं कपाळ पुसलं, मग स्वतःचं.

"गर्मी हाय बाई इथं," ती म्हणाली. "तू आली का कूलर लावू."